पिटुकल्या पालीचा निळा दिवा

एक भिंत होती. भिंतीवर एक पाल होती. एवढीशी. केवढीशी? आईच्या करंगळीएवढी. त्यात शेपूटसुद्धा आलं.

तिचं नाव पिटुकली.

पिटुकली फार लाजरी होती. माणसं आली की ती पळायची. सर सर सर. कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बसायची. मोठ्या पाली चुक चुक करायच्या. पिटुकली कधीच करायची नाही. ती इतकं हळू बोलायची, इतकं हळू बोलायची, की माणसांना ऐकूच जायचं नाही. फक्त वस्तूंना ऐकू जायचं. आणि मांजरांना.

ते घर बकुळचं होतं. बकुळ छोटी होती. घरात बकुळ होती, तिची आई होती, आजोबा होते. एक बोका होता. आई मशीनवर कपडे शिवायची. बाबा लांब होते. सुरतेला, कामाला.

बाबा रोज आईच्या फोनवर दिसायचे. पण फोनची काच फुटली होती. फुटलेली रेघ बरोबर बाबांच्या तोंडावर यायची. बाबांना डोळे होते, हनुवटी होती. नाक नव्हतं.

बकुळला नाकवाले बाबा हवे होते.

घरात कॉम्प्युटर होता. पण तो मागच्या खोलीत. वायफायचा डबा पुढच्या खोलीत. वायर तिथवर पोचायची नाही. कॉम्प्युटर नुसताच बसून राहायचा.

मग एकदा नंदूमामा आला. त्याने एक वस्तू आणली. एवढीशी. आजोबांच्या अंगठ्याच्या नखाएवढी. तिचं नाव डोंगल. कॉम्प्युटरच्या पाठीला एक चपटं भोक होतं. मामाने डोंगल त्या भोकात खोचला. टिक. कॉम्प्युटर म्हणाला, टिंग. मग त्याने नावं दाखवली. शेजारच्या घराचं नाव, समोरच्या दुकानाचं नाव, आपल्या घराचं नाव. आईने आपलं नाव निवडलं. आजोबांनी परवलीचा शब्द सांगितला.

वायर नाही, काही नाही. आणि काचेवर बाबा दिसले. मोठ्ठे. नाकासकट.

बकुळ हसली. पण पिटुकलीने बाबांकडे पाहिलंच नाही. तिने कॉम्प्युटरच्या पाठीकडे पाहिलं.

तिथे डोंगलला दिवा लागला होता. निळा दिवा. लुकलुक, लुकलुक.

दिवा लहान होता. म्हणून तिथे लहान चिलट आलं. पिटुकली पुढे झाली. गट्टम.

खोलीत मोठी ट्यूब होती. पण ट्यूबपाशी मोठे किडे यायचे. ते पिटुकलीच्या तोंडात मावायचे नाहीत. आणि मोठ्या पाली तिला तिथे उभंही राहू द्यायच्या नाहीत. हा दिवा तिच्या मापाचा होता. रोज संध्याकाळी दिवा लुकलुक करायचा. रोज चिलट यायचं. रोज पिटुकली जेवायची. गट्टम.

मग दसरा आला.

आईने कामाच्या वस्तूंची पूजा मांडली. मशीनला हार घातला. कात्रीला हळदकुंकू लावलं. टेपला लावलं. आजोबांच्या हातोडीला लावलं. तेवढ्यात आजोबांना डोंगलची आठवण झाली. ते म्हणाले, तोही बिचारा रोज राबतो, त्यालाही हळदकुंकू हवं.

आईने डोंगल उपसून काढला. पाटावर ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं. वर झेंडूचं फूल वाहिलं. फूल मोठं. डोंगल छोटा. डोंगल दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पाटावरची फुलं गोळा केली. ओंजळ भरून टोपलीत टाकली. झेंडू गेले. आपट्याची पानं गेली. डोंगलही गेला.

कुणीच पाहिलं नाही. फक्त पिटुकलीने पाहिलं. भिंतीवरून.

संध्याकाळ झाली. पिटुकली जेवायला आली. सर सर सर.

दिवा नव्हता. चिलट नव्हतं. कॉम्प्युटरच्या पाठीला नुसतं भोक.

पिटुकलीचं पोट म्हणालं, गुर्र.

आई डोंगल शोधत होती. खण उघडत होती, खण लावत होती. आजोबांनी चुलीवर चहाचं पाणी ठेवलं. चहा पिऊन ते टोपली नेणार होते. परसातल्या खड्ड्यात, फुलांचं खत करायला. खड्ड्यात टोपली उपडी करायची आणि वर माती लोटायची.

टोपली गेली की डोंगल गेला. डोंगल गेला की दिवा गेला. दिवा गेला की जेवण गेलं.

पिटुकली कॉम्प्युटरकडे गेली. सर सर सर.

"कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, ऐक.
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

कॉम्प्युटर म्हणाला, घुं घुं घुं. मग म्हणाला,

"डोंगल येईल, तर मी ऐकेन.
डोंगल नाही, तर मी नाही."

पिटुकली टोपलीकडे गेली. सर सर सर. टोपली मागच्या दाराशी होती. पिटुकलीने टोपलीच्या फटीतून आत पाहिलं. आत काळोख होता. झेंडूचा वास होता. तळाशी डोंगल होता. त्याच्या गालाला हळद होती, तोंडात कुंकू होतं.

"डोंगलराव, डोंगलराव, निघा.
कॉम्प्युटर ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

डोंगल म्हणाला, मला पाय आहेत का? हात आहेत का? आणि डोक्यावर हा एवढा झेंडू. मग म्हणाला,

"झेंडू सरकेल, तर मी निघेन.
झेंडू नाही, तर मी नाही."

चुलीवरचं पाणी उकळलं. खळ खळ खळ.

पिटुकली झेंडूकडे गेली. झेंडू काल ताठ होता. आज त्याच्या पाकळ्या लोळत होत्या.

"झेंडूकाका, झेंडूकाका, सरका.
डोंगल निघेना,
कॉम्प्युटर ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

झेंडू म्हणाला, काल दिवसभर पाटावर बसलो, आज जरा पडू दे. मग म्हणाला,

"टोपली कलंडेल, तर मी सरकेन.
टोपली नाही, तर मी नाही."

पिटुकली टोपलीच्या काठावर चढली. टोपली जुनी होती. करकर करायची.

"टोपलीमावशी, टोपलीमावशी, कलंड.
झेंडू सरकेना,
डोंगल निघेना,
कॉम्प्युटर ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

टोपली म्हणाली, कर कर कर. मी आपली आपण कलंडले, तर लोक मला फुटकी म्हणतील. मग म्हणाली,

"बोका ढकलेल, तर मी कलंडेन.
बोका नाही, तर मी नाही."

आजोबांनी चहा गाळला. सुर्र सुर्र सुर्र.

आता बोक्याकडे जायचं. पिटुकलीला भीती वाटली. बोका पाली खातो. पण पोट म्हणालं, गुर्र. मग पिटुकली गेली. भिंतीवर उंच राहिली. शेपूट आवरून घेतलं.

बोका आईच्या शिवायच्या कपड्यांवर निजला होता. घर्र घर्र, घर्र घर्र.

"बोकोबा, बोकोबा, ढकला.
टोपली कलंडेना,
झेंडू सरकेना,
डोंगल निघेना,
कॉम्प्युटर ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

बोक्याने एक डोळा उघडला. पिटुकलीकडे पाहिलं. एवढ्याशा पालीसाठी कोण उठतो, असं म्हणाला. डोळा मिटला. मग म्हणाला,

"बकुळ उठेल, तर मी उठेन.
बकुळ नाही, तर मी नाही."

पिटुकली बकुळकडे गेली. सर सर सर. बकुळ टेबलाखाली बसली होती. गाल फुगवून. कानांवर दोन्ही हात ठेवून. तिच्या वाटीतला भात तसाच होता.

"बकुळताई, बकुळताई, ऊठ.
बोका ढकलेना,
टोपली कलंडेना,
झेंडू सरकेना,
डोंगल निघेना,
कॉम्प्युटर ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

बकुळला काही ऐकू गेलं नाही. पिटुकलीचा आवाज एवढासा. बकुळचे हात कानांवर. पण बकुळ आपली आपल्याशीच पुटपुटत होती. सकाळपासून तेच पुटपुटत होती.

"बाबा दिसतील, तर मी उठेन.
बाबा नाही, तर मी नाही.
नाकवाले बाबा."

आजोबांनी बशीत चहा ओतला. फू फू फू.

बाबा कुठे दिसतात? कॉम्प्युटरवर. पिटुकली कॉम्प्युटरकडे गेली. सर सर सर. आता ती दमली होती.

"कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, बाबा दाखव.
बकुळ उठेना,
बोका ढकलेना,
टोपली कलंडेना,
झेंडू सरकेना,
डोंगल निघेना,
तू ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

कॉम्प्युटर म्हणाला, घुं घुं घुं. मग म्हणाला,

"दिवा लागेल, तर बाबा दिसतील.
दिवा नाही, तर बाबा नाही."

पिटुकली जागीच थांबली.

दिवा? दिवा तर तिचाच हरवला होता. दिव्यासाठीच ती निघाली होती. गोल गोल फिरून ती पुन्हा तिथेच आली होती. कॉम्प्युटर डोंगलसाठी बसला होता. डोंगल झेंडूसाठी. झेंडू टोपलीसाठी. टोपली बोक्यासाठी. बोका बकुळसाठी. बकुळ बाबांसाठी. आणि बाबा दिव्यासाठी.

सगळे बसले होते. कुणीच उठत नव्हतं.

आजोबांच्या बशीत थोडाच चहा उरला.

भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळामागे पणजी पाल राहायची. पणजी मोठी होती. तिचा आवाजही मोठा होता. पणजी चुकचुकली की माणसं हातातलं काम थांबवायची.

कारण त्या घरात सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. कुणी काही बोललं, आणि लगेच पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं.

पिटुकली घड्याळाकडे गेली. सर सर सर.

"पणजी, पणजी, बोल.
बाबा दिसेनात,
बकुळ उठेना,
बोका ढकलेना,
टोपली कलंडेना,
झेंडू सरकेना,
डोंगल निघेना,
कॉम्प्युटर ऐकेना,
दिवा लागेना,
चिलट येईना,
मी जेवू कशी?"

पणजीने विचारलं, डोंगल फुलांबरोबर गेला, हे कुणी पाहिलं?

पिटुकली म्हणाली, मी पाहिलं.

पणजी म्हणाली, मी तर घड्याळामागे होते. मग म्हणाली,

"पाहिलं नाही, ते पाल बोलत नाही.
तू पाहिलंस.
तूच बोल."

पिटुकली म्हणाली, माझा आवाज लहान आहे.

पणजी म्हणाली, असू दे. जागा बघून बोल. खऱ्या बोलण्यामागून बोललीस, तर खरं ते खरं होईल. खोट्या बोलण्यामागून बोललीस, तर खोटंच खरं होऊन बसेल.

एवढं बोलून पणजी घड्याळामागे गेली.

आजोबांनी बशी खाली ठेवली. टण.

चहा संपला.

पिटुकली भिंतीवर आली. मधोमध आली. तिथे लपायला काहीच नव्हतं. खाली माणसं होती. तिने भिंत घट्ट धरली.

आई म्हणाली, मशीनच्या खणात पडला असेल. पिटुकलीने तोंड उघडलं. मग मिटलं. ते खरं नव्हतं.

आजोबा म्हणाले, काल नंदू आला होता, त्याने चुकून खिशात घातला असेल. पिटुकलीने तोंड घट्ट मिटून घेतलं. तेही खरं नव्हतं.

आजोबा उठले. मागच्या दाराशी गेले. एक चप्पल घातली. दुसरी चप्पल घातली. टोपली उचलली.

कर कर कर.

आईने मान वर केली. टोपलीकडे पाहिलं. मग हळूच आजोबांना म्हणाली,

"आप्पा, फुलांबरोबर तर नाही ना गेला?"

आजोबांनी तोंड उघडलं. ते नाही म्हणणार होते. त्यांनी स्वतःच्या हाताने फुलं भरली होती. त्यांना कसं दिसलं नसतं?

आईचं बोलणं संपलं होतं. आजोबांचं सुरू व्हायचं होतं. मधे एवढीशी जागा होती. पिटुकलीएवढी.

पिटुकलीने डोळे मिटले. पोटातला सगळा वारा गळ्यात आणला.

"चुक चुक."

खोलीत कुणी हललं नाही. आजोबांचं तोंड उघडंच राहिलं.

आईने वर पाहिलं. बोटाने टेबलावर टक टक केलं.

"खरं आहे," आई म्हणाली. "पाल बोलली."

आजोबांनी टोपली खाली ठेवली. ते म्हणाले, एवढीशी पाल, आणि आवाज बघा. पण त्यांनी चप्पल काढून ठेवली.

सगळे पिटुकलीकडे बघत होते. पिटुकलीला पळावंसं वाटलं. पण ती पळाली नाही.

आई टेबलाखाली वाकली. बकुळचे हात कानांवरून काढले. बाबा दिसतील असं म्हणाली.

"नाकासकट?" बकुळने विचारलं.

"नाकासकट."

मग काय झालं?

बकुळ उठली. धावत निघाली. दुडू दुडू दुडू. बोक्याच्या शेपटीवर तिचा पाय पडता पडता राहिला.

बोका उठला. उडी मारून पळाला. थाड. टोपलीवरच आपटला.

टोपली कलंडली. कर कर कर.

झेंडू सरकला. घरंगळत दाराबाहेर गेला.

डोंगल निघाला. टुण टुण टुण. आजोबांच्या पायाशी येऊन थांबला.

आजोबांनी डोंगल उचलला. चष्मा वर केला, चष्मा खाली केला. मग डोंगल आईच्या हातावर ठेवला.

आईने डोंगल कॉम्प्युटरच्या पाठीत खोचला. टिक.

सगळे थांबले.

दिवा लागला नाही.

आईने पुन्हा खोचला. टिक.

दिवा लागला नाही.

बकुळचे ओठ बाहेर आले. आता रडणारच होती. पिटुकलीचं पोट म्हणालं, गुर्र. या वेळी फार मोठ्याने म्हणालं.

आजोबांनी डोंगल बाहेर काढला. खिडकीजवळ नेला. डोंगलच्या तोंडात बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, पूजेत याला कुंकू फार झालं, त्याच्या तोंडात गेलं.

आईच्या मशीनपाशी एक छोटा ब्रश होता. मशीनमधले दोऱ्यांचे तुकडे झटकायचा. आईने तो आणला. कोरडा होता. तिने डोंगलचं तोंड झटकलं. खस खस खस. कुंकू पडलं. खस खस खस. हळद पडली. झेंडूची एक पाकळीही पडली. आईने पुन्हा आत बघितलं. मग आजोबांना दाखवलं. आजोबांनी मान हलवली.

आईने डोंगल खोचला. टिक.

कॉम्प्युटर म्हणाला, टिंग.

आणि दिवा लागला. निळा दिवा. लुकलुक, लुकलुक.

आजोबांनी लांब श्वास सोडला. आई खुर्चीवर बसली. दिवसभरात पहिल्यांदा बसली.

मग बाबा दिसले. मोठ्ठे. दोन डोळे, एक हनुवटी, आणि मधे नाक. बकुळने काचेवर बोट ठेवलं. बरोबर नाकावर. बाबांनी नाक हलवलं.

पाल बोलली,
बकुळ उठली,
बोक्याने ढकललं,
टोपली कलंडली,
झेंडू सरकला,
डोंगल निघाला,
कॉम्प्युटरने ऐकलं,
दिवा लागला,
बाबा दिसले.

आणि चिलट?

चिलटाला दिवा दिसला. चिलट खिडकीतून आलं. भुं भुं भुं. कॉम्प्युटरच्या मागे गेलं. दिव्याजवळ बसलं.

पिटुकली निघाली. सर सर सर. या वेळी माणसांच्या समोरून गेली. सगळ्यांच्या देखत गेली.

बकुळने बाबांना सगळं सांगितलं. अर्धं सांगितलं, अर्धं विसरली, उरलेलं आईने सांगितलं. बाबा हसले. त्यांनाही पाल बघायची होती. आजोबांनी कॉम्प्युटर जरा तिरका केला. पण बाबांना नुसती भिंत दिसली.

मग बाबा म्हणाले, "बकुळे, दिवाळीला मी घरी येतो."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. बकुळने पाहिलं, आईने पाहिलं, आजोबांनीही पाहिलं. आता पाल काय म्हणते?

पाल काही म्हणाली नाही.

बकुळ कॉम्प्युटरच्या मागे वाकली. निळा दिवा लुकलुकत होता. दिव्यापाशी पिटुकली होती. तिच्या तोंडात चिलट होतं. एक पाय आत, एक पाय बाहेर.

"ती जेवतेय," बकुळ म्हणाली.

आई म्हणाली, "मग जेवू दे. जेवताना बोलू नये."

बकुळने आपली भाताची वाटी आणली. कॉम्प्युटरपुढे बसली. बाबांनी सुरतेत आपलं ताट पुढे ओढलं. भिंतीवरची एक, खोलीतली एक आणि काचेतले एक. सगळे जेवले.

गट्टम.

चिलट गेलं पोटात,
गोष्ट आली कानात.
दिवा राहील लुकलुकत,
तुम्ही मिटा डोळे.